गळ टाकून बसलेली बाई

घरची सहल ठरते तेव्हा बाईची सहल दोन दिवस आधीच सुरू झालेली असते. धपाटे करा, तिखट-मिठाच्या पुऱ्या तळा, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधा, मुलांचे स्वेटर शोधा, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीनं पिशवीत टाका. आल्यावर डबे घासणं आणि कपड्यांचा ढीग उपसणं हा आणखी एक दिवस. मधला जो काही सहलीचा दिवस असतो तो 'आई, भूक लागली' आणि 'अगं, ती चटई दे जरा' यातच जातो. मैत्रिणींनो, खोटं असेल तर सांगा!

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीतल्या नऊ जणींनी पवना धरणाच्या तळ्याकाठी तंबूत एक रात्र राहायचं ठरवलं, तेव्हा पहिली अट होती की कुणीही डबा करायचा नाही. दुसरी अट माझी होती आणि तिच्यावर खूप हसणं झालं. म्हटलं, मला तिथे गळ टाकून बसायचंय.

हसण्यासारखं काय आहे त्यात? कुठल्याही गावाच्या नदीपुलावर संध्याकाळी बघा, गळ टाकून पुरुष ओळीनं बसलेले दिसतील. कुणी रिटायर झालेला, कुणी दुकान बंद करून आलेला. तासन् तास पाण्याकडे बघत बसतात, आणि त्यांना कुणी 'काय रिकामा बसलास' असं म्हणत नाही. त्या ओळीत एक तरी बाई कधी दिसली आहे का? बायका मासे धरत नाहीत असं मुळीच नाही. कातकरी बायका ओढ्यात हातानं खेकडे धरतात. भोई-ढिवरांच्या घरांत जाळी विणण्यापासून मासळीच्या बाजारापर्यंत बाईचा हात असतो. म्हणजे पोटासाठी मासे धरायला, विकायला, साफ करायला आणि तळायला बाई चालते. नुसतं मजेनं पाण्याकाठी बसायला मात्र चालत नाही. गळाचं खरं सुख मासा लागण्यात नसतंच, ते दोन तास हात रिकामे ठेवून बसण्यात असतं. आपण घरात दोन तास गप्प बसलो तर लगेच विचारतात, 'बरं नाहीये का?'

तर पवना. लोणावळ्याहून वीस-पंचवीस किलोमीटर, नाहीतर कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यानं. या पवनानगरला जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात. लोहगडाच्या मागच्या अंगाला हे तळं पसरलंय. समोर सुळक्यासारखा तुंग, एका बाजूला त्रिकोणी तिकोना, आणि पहाटे या सगळ्यांच्या पायाशी धुक्याची दुलई. पवना नदीवरचं हे धरण १९७२ साली पुरं झालं. पिंपरी-चिंचवडच्या लाखो नळांना येणारं पाणी ते हेच. आपण ज्याला तळं म्हणतो ते म्हणजे खरं तर बुडालेलं खोरं आहे, हे तिथे गेल्यावर विसरू नका.

आम्ही उतरलो त्या तंबूंच्या जागी स्वयंपाकाला ज्या मावशी होत्या, त्यांनी पिठलं ढवळता ढवळता उलथन्यानं पाण्याकडे खूण केली. "आमच्या सासऱ्यांचं घर त्या तिथं होतं. चिंचेच्या झाडापाशी. आता झाड बी पाण्यात आन् घर बी." त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी भरलेलंच होतं, म्हणजे ते घर त्यांनी कधी पाहिलंही नाही. सांगताना मात्र त्यांचा आवाज असा, जणू कालच अंगण झाडून आल्यात. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न इथे दशकानुदशकं रेंगाळला. पुढे याच धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी न्यायला शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी गेले. त्यातली एक बाई होती. काठावर उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात आता गावची पोरं तंबू लावतात आणि त्यांच्या आया-वहिन्या शंभर-शंभर माणसांच्या भाकरी थापतात. शनिवारी रात्री दोनला झोपायचं आणि रविवारी पहाटे पाचला पोह्यांचे कांदे चिरायला उठायचं. आपली बिनडब्याची सहल कुणाच्या तरी हातावर उभी असते, एवढं मनात असू द्या. निघताना मालकाला पैसे दिलेच, पण मावशींच्या हातात वेगळे ठेवले. त्यांनी ते पदराला बांधले आणि वर आम्हालाच कढीपत्त्याची जुडी दिली.

खर्चाचं विचाराल, तर जेवण, चहा-नाष्ट्यासकट माणशी साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. शनिवार-रविवारी जास्त, मधल्या वारी कमी. आम्ही मुद्दाम मंगळवार धरला. शनिवारी काठावर इतके तंबू असतात की तळं बघायला मान वर करावी लागते. त्यात शेजारच्या तंबूतलं गाण्यांचं मशीन वेगळंच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला २००० सालापासून कायद्यानं बंदी आहे, पण तळ्याकाठी कायदा आठवून द्यायला कोण जातं? म्हणून आधी फोन करून विचारलेलं बरं. आणि विचारताना लाजायचं नाही. बायकांचा संडास वेगळा आहे का, त्याला आतून कडी आहे का, रात्री तिथे दिवा असतो का? दारू चालते का? नुसत्या पोरांचे ग्रुप शेजारीच उतरवता की लांब? रात्री जागेवर कोण थांबतं, आणि त्यांच्या घरातलं बाईमाणूस असतं का? एका ठिकाणी मी हे सगळं विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही तपासणीला येताय की फिरायला?" तिथे आम्ही गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन घरातल्या वहिनींनीच घेतला. म्हणाल्या, "संडास मीच धुते, कडी नवीन बसवलीय, या बिनधास्त." तिथे गेलो.

पाळीची तारीख बघून बेत पुढे ढकलू नका. बरोबर काळ्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, बाटलीभर पाणी आणि छोटी विजेरी ठेवली की भागतं. वापरलेलं मात्र परत आणायचं, झुडपात टाकायचं नाही. ते पाणी कुणाच्या तरी माठात जाणार आहे. थंडी तिथे चांगलीच बोचते. डिसेंबरमध्ये पहाटे तंबूचं कापड दवानं ओलं होऊन गळतं, तेव्हा कानटोपी आणि दोन जोड मोजे हवेतच. नायलॉनची साडी शेकोटीपाशी नको, सुती पंजाबी ड्रेस बरा.

आता माझ्या गळाकडे येते. मावशींच्या पुतण्यानं वेळूची काठी दिली. तिला नायलॉनची दोरी, दोरीला शिशाचा बारका मणी, खाली गरी, आणि मध्ये पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तुकडा. भेंड बुडालं की समजायचं खाली कुणीतरी आलंय. आमिषाला गांडूळ आणलं होतं. निम्म्या जणी तिथूनच पळाल्या. मी कणीक घेतली, त्यात थोडं बेसन आणि चिमूटभर हिंग घालून घट्ट मळली. हिंगाच्या वासाला मासा येतो असं तो पुतण्या म्हणाला. आयुष्यभर कणीक मळली, पण मासळीसाठी पहिल्यांदाच! गोळा गरीला असा दाबायचा की टोक झाकलं जाईल, पण पाण्यात विरघळणार नाही. या कामात बायकांच्या हाताला कुणी हरवू शकणार नाही.

पुतण्याकडून आणखी एक गोष्ट कळली. एकाच तळ्यात मासे मजल्या-मजल्यांनी राहतात. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून गळाची खोली कुठला मासा हवा त्यावर ठरते. काठाजवळच्या उथळ पाण्यात मात्र चिलापीचं राज्य. हा आपल्याकडचा मासा नव्हे, मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि असा काही फोफावला की बऱ्याच तळ्यांत देशी माशांना जागाच उरली नाही. या चिलापीच्या मादीची एक गंमत आहे. ती अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं निघाल्यावरही सुरुवातीचे दिवस तोंडातच सांभाळते, धोका दिसला की सगळी परत आत घेते. या सगळ्या दिवसांत तिचं खाणं जवळजवळ बंद असतं. म्हणजे पाण्याखालीसुद्धा उपवास कुणाच्या वाट्याला, बघा!

गळ टाकण्याआधी विचारायचं असतं, हे फार जणांना माहीत नसतं. राज्यातल्या बहुतेक धरणांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खातं ठेक्यानं देतं, बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला. त्या संस्था पैसे भरून तळ्यात बीज सोडतात. आपल्याला तळं सरकारी वाटतं, पण आतला मासा कुणाच्या तरी घामाचा असतो. तळं अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनखात्याचे नियम वेगळेच. तेव्हा ज्या गावात उतरलोय तिथल्या माणसाला विचारूनच काठी उचलायची. आणि पावसाळ्यात तर नकोच. पहिल्या पावसाबरोबर मासे ओढ्या-नाल्यांनी वर चढतात, अंडी घालायला. 'चढणीचे मासे' म्हणून आपल्याकडे त्यांचं भारी कौतुक, गाबोळीनं भरलेले असतात ना! पण ती एक मासळी म्हणजे पुढच्या वर्षीचं अख्खं तळं. आमच्या घरीही हे मासे दरवर्षी येत, आता मी आणू देत नाही.

लोणावळ्यातच, पवनेपासून फार लांब नाही, वळवण धरणाकाठी टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास करतं. महसीर म्हणजे नदीतला पैलवान, मोठ्या खवल्यांचा. संपत चाललेल्या या जातीची लाखो पिल्लं तिथून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली. एखादा महसीर चुकून गळाला लागला तर हळूच सोडून द्यावा. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडला तरी तो जगत नाही. गरीला उलटा दात असतो, ती बोटात रुतली तर मागे ओढू नका, मांस फाटतं. तशीच ठेवून दवाखाना गाठायचा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका, गाई-म्हशींच्या पायात आणि बगळ्यांच्या चोचीत अडकते.

मी संध्याकाळी साडेचारला बसले. पहिला तास काहीच झालं नाही. फोनची रेंज नव्हती. तुंगाची सावली पाण्यावरून सरकत सरकत माझ्या पायापर्यंत आली. इतका वेळ मी कुणाचंच काही करत नव्हते. मग भेंड दोनदा थरथरलं आणि गडप! मी काठी उचलली ती अशी की मासा डोक्यावरून मागे जाऊन मैत्रिणीच्या मांडीवर पडला. ती किंचाळली, आम्ही सगळ्या किंचाळलो. वीतभर चिलापी होती. मावशींनी हळद-मीठ-मसाला लावून तव्यावर टाकली. नऊ जणींत एक मासा, प्रत्येकीला घासभर आला. शाकाहारी दोघींनी नुसता वास घेतला आणि 'छान झालाय' म्हणून सांगितलं.

एवढ्या गमतीनंतर एक कडवट गोष्ट बोलायलाच हवी. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, पण ते विहिरीसारखं नसतं आणि स्विमिंग पुलासारखं तर नसतंच नसतं. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल एकदम पुरुषभर खोलात जातं, कारण खाली जुन्या शेतांचे बांध, खड्डे, नदीचं मूळ पात्र सगळं तसंच असतं. गाळात पाय रुततो. थंड पाण्यानं दम लागतो. 'पाण्यात उतरू नये' अशा पाट्या असतात, आणि त्या पाटीशेजारीच कपडे काढून ठेवून पोरं उतरलेली आम्ही पाहिली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एक बाई आणि चार लहान मुलं, एकाच घरातली, लोंढ्यात वाहून गेली. सहलीलाच आली होती. तेव्हा पवना असो, भंडारदरा असो की आपल्या गावचा पाझर तलाव, पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. पाऊस असताना तर काठही नको.

मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसानं फक्त त्यांच्याकडेच बघायचं, गप्पा नाहीत, फोटो नाहीत. अर्ध्या-अर्ध्या तासानं पाळी बदला. बुडणारं माणूस 'वाचवा वाचवा' ओरडतं हे सिनेमात. खरं बुडणं बिनआवाजाचं असतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, हात हलवायला किंवा हाक मारायला श्वासच नसतो. मूल खेळता खेळता एकदम गप्प झालं की धावा. धावा, पण उडी मारू नका. वाचवायला गेलेलंच माणूस बुडाल्याच्या बातम्या आपण किती वाचतो! काठी द्या, दोरी फेका, रिकामा प्लास्टिकचा कॅन फेका, ११२ ला फोन लावा. आणि काही नसेल तर साडी. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणावर चार पोरं बुडत होती. काठावर कपडे धुणाऱ्या तीन बायकांनी क्षणाचा विचार न करता अंगावरच्या साड्या सोडून एकमेकींना बांधल्या आणि पाण्यात फेकल्या. दोघं वाचली, दोघं गेली. पुढे तामिळनाडू सरकारनं त्या तिघींचा कल्पना चावला यांच्या नावाच्या पुरस्कारानं गौरव केला. लाज आधी की जीव आधी, असला प्रश्न त्यांना पडलाच नाही.

दुसरा धोका तंबूच्या आतला. थंडी वाजते म्हणून शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत नेणारे महाभाग असतात. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस गुंगतं आणि उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दमन इथल्या रिसॉर्टमध्ये खोली बंद करून गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ जण असेच गेले, त्यात चार मुलं होती. निखारे बाहेरच, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवायचे. थंडीला जास्तीची गोधडी घ्या, दोघी-तिघी जवळ झोपा. आमच्या तंबूत चौघी होतो. बाराला दिवा घालवला आणि तीनपर्यंत बोलत होतो. काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही!

पहाटे जाग आली तर मावशी काठावर भांडी घासत होत्या. मी माझी काठी घेऊन शेजारी बसले. म्हटलं, तुम्ही कधी गळ टाकून बसलात का? त्या हसल्या. "आम्हाला कुठला येळ? आन् बसलं तर लोक म्हनतील, ह्यांची बाई येडी झाली." मी काठी त्यांच्या हातात दिली. पातेली तशीच राहिली. पाचेक मिनिटं त्या भेंडाकडे बघत बसल्या असतील, तेवढ्यात आतून चहाची हाक आली आणि त्या उठल्या. पण जाताना म्हणाल्या, "शिमग्यानंतर या. पाणी खाली जातं तवा वाघेश्वराचं देऊळ वर येतं." धरणात बुडालेलं हे जुनं दगडी देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. माणसं मग चिखल तुडवत दर्शनाला जातात. त्या दिवसांत बुडालेल्या गावाच्या खुणाही दिसतात म्हणे, जोत्यांचे दगड, विहिरीचं तोंड.

आम्ही एप्रिलमधला एक मंगळवार धरलाय. या खेपेला अकरा जणी आहोत. दोघींनी आपापल्या काठ्या आधीच आणून ठेवल्यात, आणि एक काठी मावशींसाठी घेतली आहे.